अळवावरचे पाणी आणि द्रवरूप मीठ



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, किमान वेतनावर बोलेल, कंत्राटी पद्धतीवर बोलेल. त्याने द्रवांच्या पृष्ठताणावर, आणि तेही ‘आयनी द्रव’ नावाच्या अपरिचित पदार्थांच्या पृष्ठताणावर बोलावे, हे जरा विचित्रच दिसते. खुलासा थोडक्यात असा, की गेली पंचवीस-तीस वर्षे माझा वावर रासायनिक कारखान्यांतल्या कामगारांत आहे. माझे शिक्षण शाळेत जेवढे झाले, त्याहून अधिक सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. पिंपावर चिकटवलेल्या कागदावर काय लिहिले आहे ते कामगारांना समजावून सांगता सांगता रसायनशास्त्राची गोडी लागली, आणि त्या गोडीपोटी जे वाचले त्यातला एक धागा आज आपल्यापुढे ठेवतो.

‘अळवावरचे पाणी’ हा शब्दप्रयोग आपण क्षणभंगुर गोष्टीसाठी वापरतो. परंतु तो थेंब क्षणभर तरी मोत्यासारखा गोल का राहतो, पानावर पसरून का जात नाही, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. त्याचे उत्तर पृष्ठताणात आहे. द्रवाच्या पोटातल्या रेणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात. ते त्याला चोहोकडून सारखेच ओढतात, म्हणून कोणत्याच एका बाजूला त्याचा कल राहत नाही. पृष्ठभागावरच्या रेणूला मात्र वरच्या अंगाला शेजारीच नाही. मोर्च्याच्या मधोमध चालणाऱ्याला चारी बाजूंनी आपली माणसे असतात. कडेने चालणाऱ्याच्या एका हाताला मोर्चा आणि दुसऱ्या हाताला मोकळा रस्ता. तो साहजिकच आत सरकू पाहतो. पृष्ठभागावरचे सारेच रेणू असे आत सरकू पाहतात. परिणामी पृष्ठभाग आक्रसून शक्य तेवढा लहान होतो, आणि लहानात लहान पृष्ठभाग गोलाचा असतो. या आक्रसण्याच्या ओढीला पृष्ठताण म्हणतात. एक मीटर लांबीच्या रेषेवर किती जोर पडतो, यावरून ती मोजतात. मिलिन्यूटन या मापात साध्या तपमानाला पाण्याचा आकडा सुमारे ७२ येतो, स्पिरिटमधल्या अल्कोहोलचा २२ च्या आसपास, आणि पाऱ्याचा ४८५ च्या घरात. दोन न मिसळणारे द्रव एकमेकांना भेटतात तेथेही अशीच ओढ असते. त्या भेटीच्या जागेला आंतरपृष्ठ असे नाव आहे. आमटीवरचा तवंग हे त्याचे आपल्या ताटातले उदाहरण.

या तवंगाचा शास्त्रीय इतिहास आचाऱ्यांपासून सुरू होतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १७५७ साली बेंजामिन फ्रँकलिन जहाजांच्या एका मोठ्या ताफ्यातून प्रवास करीत होता. दोन जहाजांच्या मागचे पाणी गुळगुळीत आणि बाकीच्यांच्या मागचे खवळलेले, असे त्याला दिसले. त्याने कप्तानाला कारण विचारले. आचाऱ्यांनी खरकटे तेलकट पाणी नुकतेच समुद्रात सोडले असावे, असे कप्तानाने उत्तर दिले. आणि ते देताना, जी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे ती या विद्वानाला ठाऊक नाही, असा थोडा तुच्छतेचा भाव त्याच्या बोलण्यात होता. फ्रँकलिन मोठा माणूस खरा, कारण त्याने ते बोलणे मनावर घेतले. पुढे लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यात त्याने चमचाभर तेल ओतून पाहिले. ते पसरत पसरत अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. चमचाभर तेलाला अर्ध्या एकराने भागले, तर त्या थराची जाडी मिलिमीटरच्या दशलक्षांशाच्या दुपटी-तिपटीएवढी, म्हणजे जवळजवळ एका रेणूच्या उंचीइतकी येते. फ्रँकलिनने तो भागाकार केला नाही. त्या काळी रेणू ही कल्पनाच रुजलेली नव्हती.

पृष्ठभागाचे मोजमाप पक्क्या पायावर आले ते त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, जर्मनीतल्या एका स्वयंपाकघरात. आग्नेस पोकेल्स ही १८६२ साली व्हेनिस येथे जन्मली. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते; प्रकृती ढासळल्यामुळे ते कुटुंबासह ब्राउन्श्वाइग येथे येऊन राहिले. आग्नेसला पदार्थविज्ञानाची विलक्षण आवड होती. तथापि तिचे शिक्षण मुलींच्या शाळेपाशी संपले, कारण तेथल्या विद्यापीठांची दारे त्या काळी स्त्रियांना बंद होती. धाकटा भाऊ फ्रीडरिख ग्योटिंगेनला शिकून पदार्थवैज्ञानिक झाला. बहीण आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम करीत राहिली. भावाने दिलेली पुस्तके हीच तिची शाळा. भांडी धुतलेल्या तेलकट पाण्याकडे लक्षावधी बायका रोज पाहतात आणि ते ओतून देतात. या मुलीला त्याच पाण्याने विचार करायला लावले, अशा अर्थाची नोंद तिच्या भावजयीने पुढे करून ठेवली आहे.

विशीत असताना तिने जे उपकरण बनवले ते असे. पत्र्याचे एक पन्हळीसारखे पसरट भांडे, ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर खोल. ते पाण्याने काठोकाठ भरायचे आणि त्यावर आडवी पत्र्याची एक पट्टी ठेवायची. पट्टी पुढेमागे सरकवली, की पृष्ठभाग लहानमोठा करता येतो. मग ६ मिलिमीटर व्यासाची एक लहानशी चकती हलक्या तराजूला टांगून पाण्याला टेकवायची, आणि ती सुटून वर यायला किती वजन लागते ते पाहायचे. एवढ्या साधनांवर तिने दाखवून दिले, की पाण्यावर तेलकटपणाचा थोडासा अंश पसरलेला असताना पृष्ठभाग आवळत गेला तर एका मर्यादेपर्यंत पृष्ठताण स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. ती मर्यादा ओलांडताच तो झपाट्याने उतरतो. तिने आणखी एक धडा घालून दिला. बोटाचा स्पर्श, हवेतली धूळ, भांड्याला चिकटलेला अंश यांपैकी काहीही पृष्ठभागाचा आकडा बदलू शकते. म्हणून पृष्ठभाग आधी पट्टीने झाडून स्वच्छ केला पाहिजे.

जवळजवळ दहा वर्षे हे काम घराबाहेर कोणाच्या खिजगणतीत नव्हते. इंग्लंडमधले लॉर्ड रॅले याच विषयावर प्रयोग करीत आहेत असे वाचनात आल्यावर तिने १० जानेवारी १८९१ रोजी त्यांना जर्मन भाषेत पत्र लिहिले. शास्त्रीय नियतकालिकात लेख छापून आणण्यासारखी आपली परिस्थिती नाही, हेही तिने त्यात कळवले. रॅले यांनी त्या पत्राचे भाषांतर ‘नेचर’ या साप्ताहिकाकडे धाडले आणि घरगुती साधनांनी या बाईंनी मोलाचे निष्कर्ष काढले आहेत अशी शिफारस सोबत जोडली. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते तिच्या नावाने प्रसिद्ध झाले. रॅले यांना ते पत्र टोपलीत टाकता आले असते, किंवा त्यातले काम आपल्या नावावर खपवता आले असते. त्यांनी दोन्ही केले नाही, हे या इतिहासातले एक स्वच्छ पान आहे.

पुढे अमेरिकेतल्या स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी याच प्रकारचे भांडे सुधारून घेतले आणि १९१७ साली एक महत्त्वाचा शोध मांडला. चरबीच्या आम्लांचे रेणू पाण्यावर अस्ताव्यस्त पडत नाहीत. त्यांचे डोके पाण्यात बुडते, कारण त्याला पाण्याचा लोभ असतो. कर्बाची लांब शेपटी मात्र पाण्याबाहेर हवेत उभी राहते. शेपटी लांब असो वा आखूड, प्रत्येक रेणूला लागणारी जागा सारखीच भरते, यावरून ते रेणू उभे असतात हे त्यांनी ताडले. १९३२ साली पृष्ठरसायनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउन्श्वाइगच्या तंत्र-विद्यापीठाने सत्तर वर्षांच्या आग्नेस पोकेल्सना सन्माननीय डॉक्टरेट दिली. तीनच वर्षांनी, १९३५ मध्ये, त्या वारल्या. डोके आणि शेपटी, हे दोन शब्द कृपया ध्यानात ठेवावेत. त्यांचे काम पुढे आहे.

आता या कथेत वीज येते. १८७० नंतरच्या दशकात गाब्रिएल लिपमन या तरुण संशोधकाला हायडेलबर्ग येथे एक गमतीचा प्रयोग पाहायला मिळाला. सौम्य आम्लाखाली ठेवलेल्या पाऱ्याच्या थेंबाला लोखंडी तारेने स्पर्श केला, की थेंब अंग चोरतो. तार काढली, की पुन्हा सैल होतो. लिपमन यांनी याचा पाठपुरावा करून सिद्ध केले, की पारा आणि पाणी यांच्या आंतरपृष्ठावरचा ताण विजेच्या दाबाने कमीजास्त करता येतो. त्यावरून त्यांनी विजेचे अतिसूक्ष्म दाब मोजणारे उपकरण तयार केले, आणि १८८७ साली लंडनच्या वॉलर यांनी त्याच जातीच्या उपकरणाने माणसाच्या हृदयाचे विजेचे ठोके प्रथम टिपले. १८७९ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी या घटनेची उपपत्ती सुचवली. धातूवर एका जातीचा विद्युत्भार साचला, की द्रवातले विरुद्ध भाराचे कण त्यासमोर रांग धरतात आणि दोन थरांची जोडी तयार होते. विद्युत्भारित कणांना आयन म्हणतात. पुढची अनेक वर्षे या जोडथराचा अभ्यास पाण्यात थोडे मीठ विरघळवून, म्हणजे भरपूर पाणी आणि विरळ आयन, अशाच स्थितीत मुख्यतः होत राहिला.

पाणी मुळीच नसेल आणि सगळा द्रवच आयनांचा असेल तर? असा द्रव म्हणजे वितळलेले मीठ. परंतु आपले खायचे मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सियस उष्णता लागते. रीगा येथील रसायनज्ञ पाउल वाल्डेन, हा लाटव्हियातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा, वितळलेल्या मिठांतून वीज कशी वाहते याचा अभ्यास करीत होता. भट्टीची कटकट टाळावी म्हणून त्याने कमी उष्णतेवर वितळणारी मिठे शोधली. १९१४ साली सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीच्या नियतकालिकात त्याने एथिल-अमोनियम नायट्रेट या मिठाची नोंद केली. ते अवघ्या १२ अंशांवर वितळते; म्हणजे आपल्याकडच्या हवेत ते बाटलीत द्रव म्हणूनच राहील. याचे कारण रचनेत आहे. खायच्या मिठातले दोन्ही आयन लहान आणि गोल, त्यामुळे ते विटांसारखे घट्ट रचले जातात. अशा नव्या मिठांत निदान एक आयन मोठा, वेडावाकडा असतो. दगडगोट्यांची भिंत जशी सहज ढासळते, तशी ही रचना थोड्या उष्णतेने ढासळते. १०० अंशांच्या आत वितळणाऱ्या मिठांना आज आयनी द्रव म्हणतात.

वाल्डेनच्या शोधाकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९५१ साली अमेरिकेत ॲल्युमिनियमचा मुलामा देण्यासाठी अशा एका द्रवाचा उपयोग करून पाहण्यात आला. त्यानंतर अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीत विजेच्या बॅटऱ्यांसाठी संशोधन चालले. १९८२ मध्ये तेथील विल्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमिडाझोलियम जातीची मिठे पुढे आणली, पण त्यांतला दुसरा आयन दमट हवेत टिकत नसे. १९९२ साली विल्क्स आणि झावोरोत्को यांनी हवेत आणि पाण्यातही टिकणारे द्रव बनवले, आणि मग या क्षेत्रात एकच गर्दी झाली.

या द्रवांचा पृष्ठताण मोजला तेव्हा काय आढळले? वितळलेल्या खायच्या मिठाचा आकडा सुमारे ११४ येतो. आयनी द्रवही मीठच असल्यामुळे आकडा तितकाच मोठा यावा, अशी अपेक्षा कोणीही करील. ब्यूटिल-मिथिल-इमिडाझोलियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट या द्रवाचा आकडा मात्र ४४ च्या आसपास आला. या लांबलचक नावातला ‘ब्यूटिल’ म्हणजे चार कर्बांची शेपटी. तिच्या जागी आठ कर्बांची ‘ऑक्टिल’ शेपटी लावली, की आकडा ३५ च्या आसपास उतरतो. लँगम्यूर यांनी पाण्यावरच्या चरबीत पाहिले तेच येथे घडते. पृष्ठभागावर आयन असे वळतात, की विद्युत्भाराचे डोके आत राहते आणि शेपटी हवेकडे बाहेर पडते. नंतरच्या अनेक प्रयोगांनी याला दुजोरा दिला. द्रव पोटात मीठ असतो आणि पाठीवर तेलासारखा असतो. आरंभी निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळत नसत. पाण्याचा किंवा क्लोराइडचा लवलेश राहिला तरी मोजमाप बिघडते, हे पुढे ध्यानात आले. पोकेल्सबाईंचा पट्टीने झाडून घेण्याचा धडा शंभर वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

विजेच्या बाबतीतही जुनी उपपत्ती येथे अपुरी पडली. विरळ आयनांसाठी केलेला हिशेब, जेथे आयनांखेरीज काहीच नाही तेथे कसा लागू पडावा? २००७ साली लंडनच्या कोर्निशेव्ह यांनी गर्दीचा विचार करणारी नवी मांडणी केली. एका जागी एकाहून अधिक आयन मावत नाहीत, म्हणून ते थरावर थर लावतात, असा तिचा आशय. पुढच्याच वर्षी भारित नीलमण्याच्या पृष्ठभागाशी टेकलेल्या आयनी द्रवावर क्ष-किरण सोडून पाहिले, तेव्हा धन आणि ऋण आयनांचे आलटून पालटून लागलेले थर आढळले. वीज साठवणाऱ्या संधारित्रांच्या रचनेत या ज्ञानाचा उपयोग होतो.

कारखान्यातही हे आंतरपृष्ठ कामाला लागले. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन येथे बी.ए.एस.एफ. कंपनीत एका प्रक्रियेत हायड्रोजन क्लोराइड तयार होई. ते शोषून घेण्यासाठी पूर्वी जो पदार्थ वापरीत त्याचे घन मीठ बने, आणि भांड्यातला माल ढवळता न येण्याइतका घट्ट लगदा होई. २००२ च्या सुमारास त्याऐवजी मिथिल-इमिडाझोल वापरले गेले. त्याचे मीठ ७५ अंशांवर वितळते. त्यामुळे भांड्यात दोन स्वच्छ थर पडतात, आणि तूप निथारून घ्यावे तसा वरचा माल अलग काढता येतो. भांड्याच्या आकारमानाच्या हिशेबाने उत्पादन सुमारे ८० हजार पटींनी वाढले, असे कंपनीने प्रसिद्ध केले. मलेशियात पेट्रोनास कंपनीने बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या सहकार्याने २०११ पासून नैसर्गिक वायूतला पारा पकडण्यासाठी आयनी द्रव वापरला. सच्छिद्र खड्यांच्या पोटात हा द्रव पातळ थराने बसवलेला असतो, आणि वायू त्यावरून जाताना पारा त्यात अडकतो. पाऱ्याची वाफ कामगाराच्या मज्जातंतूंना काय करते हे ज्याने पाहिले आहे, तो या युक्तीला मनापासून दाद देईल.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी येथे उभा आहे तिच्याकडे वळतो. या द्रवांची वाफ जवळजवळ होत नाही. टोल्युइनसारखी द्रावके हवेत उडतात, डोके धरते, ठिणगीने भडका उडतो. रोहा, महाड, लोटे, तारापूर या भागांतल्या कामगारांना हे निराळे सांगायला नको. म्हणून वाफ न होणाऱ्या द्रवांना ‘हरित द्रावक’ अशी पदवी मिळाली, आणि हरित म्हणजे निर्धोक असा अर्थ पुष्कळांनी लावला. २००३ साली दाखवून देण्यात आले, की वर सांगितलेल्या हेक्झाफ्लोरोफॉस्फेटचे पाण्याच्या संपर्कात विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड हे हाडापर्यंत पोचणारे विष निघू शकते. २००६ मध्ये काही आयनी द्रव निर्वात जागेत तापवून उडवता येतात हे सिद्ध झाले. त्याच साली काही पेट घेऊ शकतात हेही पुढे आले. आणि याहून महत्त्वाची गोष्ट शेपटीची. शेपटी जितकी लांब, तितका पाण्यातल्या जीवजंतूंना होणारा अपाय सामान्यतः अधिक, असे अनेक चाचण्यांत आढळले. सजीव पेशीचे आवरण स्वतःच डोके-शेपटीच्या रेणूंचे बनलेले असते. जी शेपटी द्रवाच्या पाठीवर येऊन पृष्ठताण उतरवते, तीच त्या आवरणात शिरते. २०१८ साली इंग्लंडच्या ईशान्य भागात कचरा पुरलेल्या एका जागेच्या आसपासच्या मातीत ऑक्टिल शेपटीचा हा आयन सापडल्याचे, आणि यकृताच्या एका रोगाशी त्याचा संबंध असू शकेल असे, संशोधकांनी प्रसिद्ध केले. तो संशय आहे, सिद्ध झालेला दोष नव्हे. परंतु संशयाचीही दखल घ्यायची असते.

वासाच्या बाबतीतला असाच एक प्रकार मी पाहिला आहे. एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, एक द्रावक ‘याला वास नाही, याचा त्रास नाही’ म्हणून हात धुवायला सर्रास वापरले जाई. काही महिन्यांत तिघांच्या हातांची सालडी निघू लागली. माहितीपत्रक कार्यालयाच्या कपाटात होते, इंग्रजीत. ते नाकाने घेतले नाही तरी कातडीतून आत जाते, असे त्यात स्पष्ट छापले होते. कामगाराची कातडी, त्याचे डोळे, त्याची फुप्फुसे ही त्याच्या शरीराची आंतरपृष्ठे आहेत. पदार्थाची आणि त्याची गाठ तेथेच पडते. पदार्थ उडतो की नाही एवढे सांगून भागत नाही. तो ज्याला स्पर्श करतो त्याच्याशी कसा वागतो, हेही सांगितले पाहिजे.

भोपाळच्या १९८४ च्या भीषण दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात नवी कलमे घालण्यात आली आणि धोकादायक पदार्थांची माहिती कामगारांना देणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. हजारो माणसांच्या प्राणांची किंमत देऊन मिळालेला हा हक्क आहे. परंतु माहिती मिळण्याचा हक्क आणि ती समजण्याची ताकद या दोन गोष्टी निराळ्या. पहिली कायद्याने मिळते. दुसरी आपली आपण कमवावी लागते; वाचनालयात, अभ्यासमंडळात, अशा व्याख्यानमालेत. हे शास्त्र आपल्यासाठी नाही असे कामगाराला वाटते, आणि तसे वाटत राहणे पुष्कळांच्या सोयीचेही असते. पत्र्याच्या भांड्यावर आणि हलक्या तराजूवर पृष्ठभागाचे शास्त्र उभे करणाऱ्या आग्नेस पोकेल्सचे चरित्र या समजुतीला पुरेसे उत्तर आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. उद्या आपल्या कारखान्यात नवे पिंप आले आणि ‘याची वाफ होत नाही, निश्चिंत राहा’ असे कोणी सांगितले, तर त्याचे आभार मानावेत आणि पुढचे तीन प्रश्न विचारावेत. कातडीला लागले तर काय होते? पाण्यात मिसळले तर त्यातून काय निघते? आणि वापरून झाल्यावर हे कोणत्या नाल्यात, कोणत्या मातीत जाणार? उत्तरे मराठीत मागावीत, लेखी मागावीत, आणि ती समजेपर्यंत पिंपाचे झाकण उघडू नये.